गफूर मास्तरांची चढाईची तत्त्वं

माणसाच्या आयुष्याला काही मूलतत्त्वांचा पाया लागतो, आणि तो पाया घालणाऱ्याला आपल्याकडं गुरू म्हणतात. माझ्या आयुष्याचा पाया निजामाच्या राजवटीत, धाराशिवच्या एका शाळेमागच्या मुरमाड मैदानावर घातला गेला. माझे गुरू गफूर मास्तर आमचे ड्रिलमास्तर होते, आणि त्यांनी शिकवलेली तत्त्वं चामड्याचा चेंडू उंचावरच्या लोखंडी कड्यातून खाली कसा पाडावा याविषयी होती. ती माझ्या डोक्यात उतरवण्यासाठी त्यांनी माझ्या पोटऱ्यांवर चिंचेच्या जेवढ्या फोका मोडल्या, तेवढ्यांवर एखाद्या घरची चूल पावसाळाभर पेटली असती.

आमचं घर बाजारात होतं. पुढं आप्पांचं किराण्याचं आणि वाळल्या मिरचीचं दुकान, मागं दोन खोल्या, आणि मधे एक दार, जे मिरचीचा खाट आत येऊ नये म्हणून कायम लावलेलं असे आणि ज्यातून तो कायम आत येई. आमच्या घरी दिवस उजाडायचा तो शिंकांनी. आधी आप्पा शिंकत, मग मी, मग शेजारचा शिंपी भिंतीपलीकडून. अव्वा, म्हणजे माझी आई, मात्र शिंकत नसे. ती सोलापूरच्या पलीकडची, कन्नड मुलखातली. तिचं म्हणणं असं की त्यांच्याकडची मिरची पाहिल्यावर ही मिरची नव्हेच. पहाटे तिची भाकरी थापण्याचा थपथप आवाज आणि दुकानात आप्पांचा पोती झटकण्याचा आवाज एका लयीत चाले. भाकरीबरोबर शेंगांची चटणी आणि येसराची आमटी. सणाला हुग्गी, म्हणजे गव्हाची गुळातली खीर, जी खाल्ल्यावर माणूस काही तास कुणाशीही भांडू शकत नाही. त्या काळात ती रोज केली असती तर बरं झालं असतं.

पण यातलं काहीही पोटात जाण्याआधी लिंगपूजा व्हावी लागे. आम्ही लिंगायत. माझ्या गळ्यात दोऱ्यानं बांधलेली चांदीची एक लहान डबी असे, तिला आमच्यात करडगी म्हणतात, आणि तिच्यात माझं इष्टलिंग. ते जन्माबरोबर अंगावर येतं आणि मरणाबरोबरच अंगावरून जातं. मधल्या काळात ते हरवलं, तर सापडेपर्यंत अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही, हा आमच्या अव्वाचा कायदा. तो निजामाच्या सगळ्या कायद्यांपेक्षा कडक होता, कारण तिच्याकडं अपील नव्हतं. तिच्या आजोबांचं लिंग आंघोळ करताना विहिरीत पडलं, तेव्हा ते विहिरीच्या काठावर बसून राहिले आणि गावानं विहीर उपसून काढली, ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली होती की त्या विहिरीचा तळ मला आपल्या अंगणासारखा ओळखीचा होता.

बास्केटबॉल आमच्याकडं कसा आला ते कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. गफूर मास्तर फौजेत असताना कुठल्याशा छावणीत तो खेळले होते, आणि आपल्या सुभेदाराला त्यांनी खेळता खेळता की खेळ संपल्यावर मारलं, या वादात त्यांची फौजेतली नोकरी गेली होती. शाळेला वरून एक चेंडू आला. कडं आलं नाही. मास्तरांनी चेंडू बगलेत मारला आणि गावातल्या लोहाराकडं जाऊन त्याला सांगितलं, "इसमें से ये जाना." लोहारानं चेंडूला सुतळी गुंडाळून माप घेतलं आणि अगदी त्याच मापाचं कडं घडवलं. ते लिंबाच्या झाडावर ठोकल्यावर चेंडू त्यातून जाई खरा, पण नेमका वरून, नेमका मधोमध आणि एखाद्या म्हाताऱ्या माणसाला खाटेवर ठेवावं इतक्या हळुवारपणे सोडला तरच. मास्तर चिडून परत गेले, तर लोहार म्हणाला, "जातोय का न्हाय त्यातनं? मग? सैल करून काय चेंडूला कूस बदलायचीय?"

त्यामुळं आमच्या खेळाचा सगळा डौलच वेगळा झाला. लांबून फेकणं व्यर्थ होतं. चेंडू एकमेकांकडं देत देत, कुणीतरी एक माणूस थेट कड्याखाली मोकळा सापडेपर्यंत न्यायचा, आणि मग तिथं त्यानं तो वर उडी मारून आत ठेवायचा, एवढंच शक्य होतं. आज माझा नातू टीव्हीवर परदेशातले सामने बघतो, तेव्हा तिथले प्रशिक्षक फळ्यावर बाण काढून हेच सांगत असतात. पसरून उभे राहा, चेंडू पायांपेक्षा हातांनी लवकर पोचतो, दिला की थांबू नका. बाण फार सुबक असतात. त्यांत कुणाचाही दात पडलेला दाखवत नाहीत.

मास्तरांपुढची खरी अडचण कडं नव्हती, आम्ही होतो. आम्ही सगळे हुतूतूवर वाढलेली पोरं. पहिल्याच दिवशी समोरच्यानं हात लावला की आमचा गडी "बाद" म्हणून आपण होऊन मैदानाबाहेर जाऊन बसू लागला. मास्तर आडवे उभे छड्या मारत त्याला आत हाकलत आणि तो प्रामाणिकपणे सांगे, "पण मास्तर, मला शिवलंय की." दस्तगीर नावाचा एक पोरगा चेंडू घेऊन पळताना श्वास रोखून "हुतूतूतू" म्हणत असे, आणि दम संपला की चेंडू जिथं असेल तिथं टाकून आपल्या बाजूला परत येई. उरलेले सगळे चेंडूभोवती मुंग्यांसारखे गोळा होत.

"अरे पंगत बैठी क्या!" मास्तर ओरडत. "फैलो! एकमेक की बगल सूंघते क्या? एक के पीछे दो आते ना, तो दूसरा कोई खाली रैता. उसकू ढूंढो!"

एकाच्या मागं दोघं आले की कुठंतरी एक मोकळा राहतो. हे मास्तरांचं लाडकं तत्त्व. दुसरं असं की चेंडू हातात असताना खाली बघायचं नाही. हे ते बाकीच्या तत्त्वांपेक्षा जास्त मारून शिकवत. खाली नजर गेली की पोटरीवर फोक बसे. फोक बसली की नजर आपोआप खाली जाई. म्हणून पुन्हा बसे. आम्ही यातून शहाणे झालो ते पोटऱ्या बधिर झाल्यावर. तिसरं तत्त्व, चेंडू दिला की दिला त्या जागी राहायचं नाही, कारण त्या जागी आता मार येणार आहे. हे आम्ही कुठल्याही फळ्याशिवाय समजलो. संघातल्या तुक्याला, जो तामलवाडीचा, शाळेच्या बोर्डिंगात राहणारा, आणि वर्गाच्या दारातून वाकून आत येणारा पोरगा होता, मास्तरांनी कड्याखाली उभं केलं. मी बारीक आणि चपळ, म्हणून चेंडू खालून वर नेणं माझ्याकडं. तुक्या मला म्हणायचा, "मल्लू, तू फकस्त आण रं. ठिवायचं काम माझं." कड्यात चेंडू ठेवताना तो जीभ बाहेर काढायचा, आणि सरावातच एकदा दस्तगीरच्या डोक्यानं हनुवटीला धडक दिल्यामुळं ती अर्धी तुटता तुटता राहिली. सरावात आमचे ओठ फुटले, बोटं निसटली, एकाच्या नाकाचं हाड दुसरीकडं सरकलं. आईबापांनी तक्रार केली नाही. त्या दिवसांत गावात लोक काठीशिवाय घराबाहेर पडत नव्हते, खेड्यांकडून जाळपोळीच्या बातम्या येत होत्या, आणि पोरगा संध्याकाळी नुसता नाक फोडून घरी आला तर त्यात समाधान होतं. पुढं वर्षा-दोन वर्षांत आमच्या भागात जे झालं त्यापुढं आमचे दात ही काही सांगण्यासारखी गोष्ट नव्हे. पण त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. दातांबद्दल मी एकटाच उरलोय.

आता रावसाहेब. रावसाहेब गावाबाहेरच्या एका लहान जहागिरीचे मालक. जहागीर एवढी लहान की एका टोकाला शिंकलं तर दुसऱ्या टोकाला ऐकू जाई, पण त्यांच्या बग्गीपुढं दोन भालदार पळत. ते हैदराबादेला गेले की तिथून एक नवी हौस घेऊन येत. एकदा मोर आणले, ते शेजारच्या शेतकऱ्यांच्या कुत्र्यांनी खाल्ले. एकदा पियानो आणला, त्यात उंदरांनी पिलं घातली. मग त्यांनी बास्केटबॉल आणला. विलायती कडं, रंगवलेला फळा, चुन्याच्या रेघा, आणि पहारेकऱ्यांतले निवडक पैलवान घेऊन एक संघ. वडिलांच्या नावानं त्यांनी चांदीचा पेला ठेवला होता, आणि तो दरवर्षी त्यांचाच संघ जिंकत असे, कारण दुसरा संघ नव्हता. पेला देताना ते भाषण करत आणि घेताना डोळे पुसत.

त्यांचा भाचा बाळासाहेब आमच्या शाळेत होता. एके सकाळी मास्तरांनी मैदानाला फेरी मारायला सांगितली, तर बाळासाहेबानं आपलं दप्तर घेऊन येणाऱ्या नोकराला पुढं केलं. तो बिचारा म्हातारा धोतर आवरून मालकाच्या वतीनं पळू लागला. मास्तरांनी त्याला थांबवलं, बाळासाहेबाकडं वळले आणि शांतपणे विचारलं, "मार भी इसकूच खिलाऊं क्या तेरे बदले?" उत्तराची वाट न बघता त्यांनी फोक उचलली. आम्ही मार पाहिला होता, खाल्ला होता, पण हा निराळा होता. बाळासाहेबाच्या पांढऱ्या विजारीवर आधी रेघा उमटल्या, मग रेघा एकमेकींत मिसळल्या. फोक मोडली तेव्हा मास्तरांनी दुसरी मागितली, आणि देणारा पोरगा रडत होता. म्हातारा नोकर बाजूला हात जोडून उभा होता. कुणासाठी ते मला आजही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी रावसाहेब शाळेत आले. खुर्ची त्यांनी घरून आणली होती. हेडमास्तर तिच्या बाजूला असे उभे होते की खुर्चीबरोबर तेही आणले असावेत.

"मास्टर," रावसाहेब म्हणाले. ते आमच्यातलेच, मराठी बोलणारे. पण रागावले की उर्दूत शिरत. "आमच्या भाच्याच्या पोटऱ्या बघितल्या आम्ही. यह तालीम है?"

"हौ सरकार. तालीमच है."

"छडीनं कधी कुणाला इल्म आला?"

"मेरेकू तो वैसेच आया."

कुणीतरी मागं फिस्सकन हसलं. ते हसणं महागात पडणार हे सगळ्यांना कळलं. रावसाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. नुसतं हाकलून देणं त्यांच्या इभ्रतीला साजेसं नव्हतं. त्यांना लोकांनी बघितलेला न्याय हवा होता. ते म्हणाले, "ठीक. तुमच्या छडीची पोरं आमच्या संघाशी खेळतील. जिंकली, तर छडीत इल्म आहे असं आम्ही भर सभेत म्हणू. हरली, तर त्याच जागी, सगळ्यांपुढं, तुम्ही जमिनीवर नाक घासायचं आणि गाव सोडायचं. हेडमास्तर, काय म्हणता?"

हेडमास्तर म्हणाले, "बहुत मुनासिब."

मास्तरांना बायको होती, चार मुलं होती, आणि एकदा नोकरी गेलेली होती. त्यांनी आमच्याकडं, म्हणजे त्यांच्या सबंध इल्माकडं, एक नजर टाकली. दस्तगीर नाक खाजवत होता. मास्तरांचा चेहरा मी पहिल्यांदाच पडलेला पाहिला.

सामन्याच्या आदल्या दिवशी मास्तर आमच्या दुकानाच्या पायरीशी येऊन उभे राहिले. आप्पांनी त्यांना पोत्यावर बसायला सांगितलं, ते बसले नाहीत. अव्वा दाराआड होती.

"अम्मा," मास्तर दाराकडं तोंड करून म्हणाले, "छाती पे डबी लेके नै खेल सकता बच्चा. वो लोगां सीधा छाती पे मारते. डबी अंदर घुसती."

"मग त्याला खेळवू नका, मास्तर. डबी काय निघायची न्हाय."

"ये नै खेला तो बॉल ऊपर कौन लाता? मेरी नाक घिसती, अम्मा."

"तुमच्या नाकाचं मला लई वाईट वाटतंय," अव्वा आतून म्हणाली. "पर नाक तुमचं हाय, आन् लिंग त्याचं हाय."

मग आप्पा शिंकले आणि म्हणाले, "दोन्ही ऱ्हाऊ द्या की जागच्या जागी. घट बांधा अन् पाठवा."

अव्वानं सामन्याच्या दिवशी आप्पांच्या जुन्या पटक्याची पट्टी फाडून ती डबीवरून माझ्या छातीला इतकी गुंडाळली की मी पेटीसारखा चौकोनी झालो. "श्वास घेता येतोय का?" तिनं विचारलं. "न्हाय," मी म्हणालो. "मग बरं बांधलंय." दारात ती म्हणाली, "पडलं तर जेवायला घरी यायचं न्हाय, ध्यानात ठेव." आणि मग, मी दोन पावलं गेल्यावर, "मास्तरचं नाक बी बघ जमलं तर."

रावसाहेबांच्या मैदानावर शामियाना होता, बँड होता, आणि गादीवर रावसाहेब होते, पुढं हुक्का. खेळाची वेळ हुक्क्यावर होती. हुक्का विझला की सामना संपला, असं त्यांच्याकडं पहिल्यापासून चालत आलेलं होतं. त्यांच्या कचेरीतला एक कारकून पंच होता. शिट्टी त्याच्या तोंडात होती, पण फुंकर रावसाहेबांची. आम्ही विलायती कड्याकडं पाहिलं आणि तुक्या हळूच म्हणाला, "आयला, मल्लू, हे कडं हाय का आड? ह्यात आपलं म्हसरू बी जाईल."

सुरुवातीला त्या पैलवानांना काही उमगेचना. ते ताकदवान होते, पण चेंडू ज्याच्याकडं असेल त्याच्यामागं सगळे मिळून धावत, आणि तोवर चेंडू तिथं नसे. मी दस्तगीरला, दस्तगीर परत मला, मी वर तुक्याला, आणि तुक्या जीभ बाहेर काढून अलगद आत. पुन्हा तेच. मास्तर कडेला हात मागं बांधून उभे होते. फोक आणायला मनाई होती, त्यामुळं त्यांच्या हातांना काय करावं ते कळत नव्हतं. आम्ही पुढं गेलो तसा हुक्केवाला चिलमीत नवे निखारे टाकू लागला. सामना लांबला. मग रावसाहेबांनी भीमा पैलवानाला जवळ बोलावून काहीतरी सांगितलं, आणि तिथून पुढं ती माणसं चेंडूकडं आलीच नाहीत. ती थेट माणसांकडं आली.

मार खाण्याचंही एक शास्त्र असतं, आणि आम्ही त्यात पक्के होतो, पण ती माणसं नालाचे बूट घालून खेळत होती. पहिल्याच धडकेत दस्तगीरचे पुढचे दोन दात गेले. त्यानं ते मुरमातून वेचून खिशात घातले आणि तसाच पळत राहिला. माझ्या कानावर कोपर बसलं आणि त्या बाजूचा बँड एकदम बंद झाला. तुक्याला कड्याखाली दोघांनी मिळून धरलं; एक केस ओढी, दुसरा गुडघा घाली. त्याचा एक डोळा मिटला, मग नाक फुटलं. नाकाचं रक्त भीमाच्या सदऱ्यावर सांडलं, तेव्हा कारकुनानं शिट्टी वाजवली. आम्हाला वाटलं, आला न्याय. त्यानं सदरा खराब केल्याबद्दल भीमाच्या बाजूला कड्यात टाकायला एक मोकळी फेक दिली. असल्या फेकींवर ते एका गुणानं पुढं गेले. ते पुढं गेले तसा हुक्केवाला हात बांधून बसला. निखारे टाकणं बंद झालं. धूर बारीक होत होत दोऱ्याएवढा झाला. मास्तरांनी त्या धुराकडं पाहिलं, आणि मग, मी हे माझ्या डोळ्यांनी बघितलं, आपल्या पायापुढच्या जमिनीकडं. नाक घासायला जागा मऊ आहे का ते बघत असावेत.

चेंडू माझ्याकडं होता. मी दस्तगीरकडं देण्याचा आव आणून मधून शिरलो. समोर कडं, कड्याखाली तुक्या, त्याच्या अंगावर दोघंजण. मागून भीमानं माझा सदरा धरला. सदरा फाटला, सदऱ्याखालची पटक्याची पट्टी सुटली, आणि पट्टीबरोबर गळ्यातला दोरा. छातीवरून काहीतरी हलकं झालं. असं हलकं मला जन्मात वाटलं नव्हतं. मी खाली बघितलं. चेंडू हातात असताना खाली बघायचं नाही, हे एवढ्या फोका मोडूनही शेवटी माझ्याकडून पाळलं गेलं नाही. चुन्याच्या रेघेवर, बुटांच्या मधोमध, डबी पडली होती.

लोक मला नंतर विचारत, तेव्हा मनात काय आलं. काही आलं नाही. विचार करायला तेवढा धूर उरला नव्हता. मी चेंडू बाजारात पिशवी खाली ठेवावी तसा बाजूला ठेवला, गुडघ्यावर बसलो आणि डबी हातानं झाकली. भीमाचा बूट माझ्या हातावर आला. हाडं मोडल्याचा आवाज मला हातातून नव्हे तर कानातून कळला, जो कान बंद होता त्याच. तो माझ्यावरून अडखळून पुढं कोसळला. तुक्याला धरलेले दोघं, मी चेंडू सोडलाय हे न कळल्यामुळं, मला चिरडायला म्हणून धावून आले होते. ते भीमावर पडले. त्यांतल्या एकाचं डोकं कड्याच्या खांबावर असं आदळलं की फळा हलला. मी त्या ढिगाच्या तळाशी होतो. श्वास येत नव्हता, तोंडात माती आणि रक्त होतं, वरचा एक पैलवान आपल्या आईला हाका मारत होता. त्या सगळ्यातून मला मास्तरांचा आवाज ऐकू आला, फाटलेला, विहिरीतून यावा तसा: "तुक्याऽ! खाली है! खाली है रे तू!"

तुक्या मोकळा होता. सबंध दुपारभरात पहिल्यांदा त्याला कुणी धरलं नव्हतं, आणि त्याला ते खरं वाटत नव्हतं. एका डोळ्यानं इकडंतिकडं बघून त्यानं जमिनीवरचा चेंडू उचलला, जीभ बाहेर काढली आणि तो आत ठेवला. त्याचे दोन गुण, म्हणजे आम्ही एकानं पुढं.

रावसाहेब उठले. उठताना त्यांचा पाय हुक्क्याला लागला, हुक्का गादीवर कलंडला, पाणी निखाऱ्यांवर सांडलं, चर्र झालं. कारकुनाला आयुष्यभर एकच शिकवलेलं होतं. हुक्का विझला, त्यानं शिट्टी वाजवली. रावसाहेबांनी त्याच्या थोबाडीत मारली तेव्हा शिट्टी त्याच्या तोंडातच होती, त्यामुळं ती पुन्हा एकदा वाजली.

मग जे झालं त्याला खेळ म्हणता येणार नाही. पहारेकरी लाठ्या घेऊन आत शिरले, गावचे लोक शामियान्याचे बांबू उपसून पुढं झाले, बँडवाल्यांनी आपली वाद्यं वाचवण्यासाठी ती दुसऱ्यांच्या डोक्यात घातली. मास्तर भीमाच्या लोकांना ढिगावरून एकेक करून कानाला धरून काढत होते आणि काढलेल्याला ठोसा मारूनच बाजूला ठेवत होते. शेवटी त्यांनी मला ओढून काढलं. माझी मूठ बंद होती. "खोल," ते म्हणाले. मी मान हलवली. बोटं उघडतच नव्हती.

भांडण थांबलं ते दोन्हीकडचे दमल्यावर. एवढी माणसं बघत असताना रावसाहेबांना शब्द फिरवता येईना. फाटक्या शामियान्याखाली, एका बाजूला रक्ताळलेले पैलवान आणि दुसऱ्या बाजूला दात खिशात घेतलेला दस्तगीर अशा थाटात, त्यांनी खेळ, शिस्त आणि छडीतील इल्म या विषयावर भाषण केलं. ते बरंच लांबलं. बाळासाहेबाला टाळ्या वाजवायला लावलं. पेल्याबद्दल ते काही बोलले नाहीत, आणि तो विचारण्याइतका शुद्धीवर आमच्यात कुणी नव्हता.

मला घरी खांद्यावर घालून मास्तरांनीच आणलं. अव्वानं हात बघितला नाही, आधी मूठ बघितली. तिनं कोमट तेल घालून एकेक बोट उलगडलं. मी बाजारभर ऐकू जाईल असा ओरडत होतो. डबी चेपून पुरीसारखी झाली होती. लिंग आत जसंच्या तसं होतं. ते तिनं डोळ्यांना लावलं, नव्या दोऱ्यात बांधून माझ्या गळ्यात घातलं, आणि मग म्हणाली, "आता हाडवैद्याला बोलवा." दारात उभ्या असलेल्या मास्तरांकडं तिनं पहिल्यांदाच तोंड वर करून बघितलं. "नाक हाय न्हवं?"

"है, अम्मा."

"मग बसा. हुग्गी हाय. याला काय आज हातानं खाता येत न्हाय."

मास्तर पोत्यावर बसले आणि ताटलीभर हुग्गी मान खाली घालून खाल्ली. मधे एकदा ते आप्पांना म्हणाले, "देखा ना सेठ, एक के पीछे तीन आये, तो एक खाली रह गया. ये मैंने सिखाया." आप्पा म्हणाले, "व्हय मास्तर." मी पलीकडं हाडवैद्याच्या हातात होतो, त्यामुळं मला मत देता आलं नाही.

माझी त्या हाताची दोन बोटं आजही वाकत नाहीत. पेन धरताना ती बाहेर राहतात आणि लोकांना वाटतं मी ऐटीत लिहितो. गफूर मास्तरांची नोकरी टिकली. पुढं राज्य बदललं, शाळेवरचा झेंडा बदलला, तरी ते पेन्शनीत निघेपर्यंत त्याच मैदानावर होते. त्या वर्षी माझा हात पुष्कळ दिवस गळ्यात होता, म्हणून मला कवायतीला उभं राहता आलं नाही, आणि हजेरी भरत नाही या कारणावरून मास्तरांनी मला ड्रिलमध्ये नापास केलं.